विरळणी

ठिबकच्या कंपनीच्या सोडतीत मला कूपन लागलं:
दोघांचं जेवण, पलूसच्या पुढं,
वायनरीतलं मेक्सिकन हॉटेल.
हे म्हणाले, औषध मारायचंय, मला कुठं नेतीस.
लेक पुण्याला. शेजारणीचा उपवास.
मग राजमतीला फोन लावला.
अकरा वर्षं झाली, नंबर पाठच होता.

ती बराच वेळ नुसती ऐकत राहिली,
मग म्हणाली, रात्रीचं असलं तर मी नाही.
मी म्हटलं, दुपारचंच आहे.
दिवस बुडाल्यावर मी तरी कुठं खाते,
विसरलीस?

मार्गशीर्षातलं ऊन, काचेची भिंत,
एकेका माणसापुढं तीन-तीन ग्लास
आणि पाण्याला चौथा.
पोरगा आला. छातीवर बिल्ला: पाब्लो.
वाईन कोणती, इंग्रजीतनं विचारलं.
माझी तीस वर्षं द्राक्षात गेली, हिची सत्तावीस,
जीएच्या पाण्यात घड बुडवून
बोटांची सालं गेली,
पण थेंब जिभेवर नाही.
राजमती म्हणाली, पोरा, वाईन राहू दे.
आणि जमिनीखालचं काही नको:
कांदा नको, लसूण नको, बटाटा नको.
त्यानं वही मिटली.
कुठल्या गावच्या, आक्का?
कवठेएकंद म्हटल्याबरोबर
पाब्लोचा प्रमोद लाड झाला, कुंडलचा,
आणि आत जाऊन आचाऱ्याशी भांडून आला.

मक्याच्या भाकऱ्या आल्या, तीन,
तळहाताएवढ्या, चारशे ऐंशीला.
मेनूवरचा आकडा राजमतीनं बोटानं झाकला,
जसा काही तो मला दिसू नये.
आमच्याकडं मका म्हशींना,
मूरघास घालून, प्लास्टिकच्या पिशवीत.
म्हशी काय चैनीत होत्या गं इतकी वर्षं, ती म्हणाली,
पण हसली नाही.
एका वाटीत हिरवं लोणी, त्याला चव अशी नाहीच,
झाडावर येतं एवढं विचारून घेतलं.
एका भाकरीत घेवडा.
तिसरीत हिरव्या कापा, बुळबुळीत, आंबटसर,
वर तिळाची चटणी.

हे काय रे?
प्रमोद जरा अडखळला.
निवडुंग, आक्का. फड्या निवडुंग. काटे काढून भाजलेला.

राजमतीचा घास हातातच राहिला.
वाटणी झाली त्या उन्हाळ्यात
मोजणीवाला गेल्यावर चुन्याची रेघ पुसायच्या आत
दोन एकरांच्या मधोमध लावलेला तो,
आता कमरेएवढा.
त्याच्यामुळं हिचं वासरू आमच्यात येत नाही,
आमचं कुत्रं तिकडं जात नाही.

कुणी लावला गं तो, ती म्हणाली,
भावोजींनी, का ह्यांनी?
मी म्हटलं, मला काय ठाऊक.
मला ठाऊक होतं. फडी मीच आणलेली,
विट्याच्या रस्त्यावरनं, पोत्यात घालून.
तिनं माझ्याकडं बघितलं, 
घास तोंडात घातला, 
सावकाश चावला.
बांध बरा लागतोय की गं, म्हणाली.

मग ती हसली. तिला ठसका लागला.
पलीकडच्या टेबलावरचे पुण्याचे लोक बघायला लागले.
मी चौथा ग्लास तिच्याकडं सरकवला.

बिलाचं कूपन दिलं, पाण्याचे पैसे वेगळे पडले.
बाहेर आलो तर वेलींची पहिली ओळ हाताशीच.
घड लहान, मणी ज्वारीएवढे,
एकमेकांत घुसलेले, मुंगी जायला जागा नाही.
दोघींचेही हात कधी वर गेले कळलं नाही,
ती त्या बाजूनं, मी ह्या बाजूनं,
नखानं एक सोडून एक.

आक्का, आक्का, प्रमोद पळत आला,
ह्यांची विरळणी करायची नसते,
वाईनचे आहेत, दाटच ठेवायचे.

आम्ही हात काढले.
मुठीत पाच-सहा हिरवे मणी राहिलेले,
टाकायचे कुठं, गवतसुद्धा कापून ठेवलेलं.
गाडीत बसल्यावर राजमतीनं एक तोंडात टाकला,
डोळे मिटले,
आंबट, म्हणाली,
आणि उरलेल्यातला एक माझ्यापुढं धरला.